गुरुवारची रात्र की शुक्रवारची पहाट? एका बस-आरक्षण संकेतस्थळाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईहून सिंधुदुर्गात रोज रात्री गाड्या सोडणाऱ्या एका मध्यम आकाराच्या खासगी प्रवासी कंपनीचे आहे. कंपनीचे नाव, मालकांची ओळख आणि ज्या कुटुंबामुळे हा विषय पुढे आला त्यांचे तपशील येथे दिलेले नाहीत. ओळख पटू नये म्हणून एकदोन किरकोळ गोष्टी बदलल्या आहेत, परंतु निर्णयांचा क्रम आणि त्यांची कारणे घडली तशीच ठेवली आहेत. संकेतस्थळाच्या रचनेचा सल्लागार म्हणून मी या कामात होतो, त्यामुळे पुढे सांगितलेल्या चुकांपैकी निदान एक माझी स्वतःची आहे.

गाडी बोरिवलीहून रात्री दहा वाजता सुटते. गोरेगाव, अंधेरी आणि शीव येथील प्रवासी घेत ती वाशीला बाराच्या पुढे, कळंबोलीला १२.४०ला आणि पनवेलला एकच्या आत पोचते, आणि तेथून मुंबई-गोवा महामार्गाने सकाळी साडेनऊच्या सुमारास कणकवली, मग कुडाळ व सावंतवाडी असा तिचा क्रम आहे. म्हणजे पश्चिम उपनगरातले प्रवासी ज्या तारखेला गाडीत बसतात, त्याच गाडीत नवी मुंबईचे प्रवासी दिनदर्शिकेच्या हिशेबाने दुसऱ्या तारखेला बसतात. कंपनीच्या लेखी मात्र गाडीची तारीख एकच, बोरिवलीहून सुटण्याची. चालकाच्या हातातला प्रवाशांचा चार्ट, आसनांचा हिशेब आणि रोजचा गल्ला हे सगळे त्याच तारखेवर चालते.

तिकिटे चार मार्गांनी विकली जात: कार्यालयातील खिडकी, दूरध्वनी, कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ आणि अनेक कंपन्यांच्या गाड्या एकत्र दाखवणारी मोठी आरक्षण-स्थळे. कंपनीचे संकेतस्थळ हे भाड्याने घेतलेले सॉफ्टवेअर होते. तेच सॉफ्टवेअर इतर अनेक गाडीमालक आपापल्या नावाने वापरत असल्यामुळे पडद्यांची मूळ चौकट बदलणे पुरवठादाराच्या हाती होते. कंपनीला तिकिटावरचा मजकूर, संदेशांचे मसुदे आणि काही सूचना तेवढ्या बदलता येत.

प्रसंग

२०२४ साली गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला, शनिवारी होती. नवी मुंबईतील चार जणांच्या एका कुटुंबाला हरतालिकेच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी सकाळी, गावात पोचायचे होते. शनिवारी मूर्ती बसवायची तर आदला दिवस आरास, सामान आणि घर उघडून झाडण्यासाठी हवाच. थोरल्या मुलाने मोबाइलवर तिकिटे काढली. कळंबोलीची वेळ १२.४० एएम अशी दिसली आणि त्याने योग्य तो विचार केला: गुरुवारी रात्री बारा वाजून गेले की तारीख ६ सप्टेंबर लागते, म्हणून त्याने ६ सप्टेंबर निवडली. तिकिटावर ‘प्रवासाची तारीख ०६/०९/२०२४, बोर्डिंग कळंबोली, १२.४० एएम’ असे छापून आले.

गुरुवारी मध्यरात्री हे कुटुंब सामानासह कळंबोलीच्या थांब्यावर उभे राहिले. गाडी वेळेवर आली. क्लीनरने चार्टवर दोनदा बोट फिरवले आणि नाव नसल्याचे सांगितले. मुलाने मोबाइलवरचे तिकीट पुढे केले. तारीख ६, वेळ १२.४०, आणि त्या क्षणी मोबाइलच्या घड्याळातही ६ सप्टेंबर, १२.४०. क्लीनरचे म्हणणे असे की ही पाच तारखेची गाडी आहे, तुमची उद्याची. त्याचेही बरोबर होते. चतुर्थीच्या आदल्या दोन रात्री कोकणच्या कोणत्याही गाडीत रिकामे आसन मिळत नाही, हे चाकरमान्यांना सांगायला नको. ‘उद्याची’ गाडी शनिवारी सकाळी साडेनऊला, म्हणजे चतुर्थीच्या दिवशी, कणकवलीला पोचणार होती. कुटुंब घरी परतले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मिळेल त्या दराने खासगी मोटार ठरवून गेले.

सणानंतर त्यांनी पूर्ण भाडे आणि मोटारीचा खर्च मागितला. कंपनीने आधी नकार दिला. नियम व अटींमधील चौदाव्या कलमात ‘प्रवासाची तारीख म्हणजे गाडी मूळ स्थानकाहून सुटण्याची तारीख’ असे लिहिलेले होते, आणि तिकीट काढताना त्या अटी मान्य असल्याची खूण मुलाने केली होती. ते कलम मी स्वतः शोधून पाहिले, तेव्हा मोबाइलवर तेथपर्यंत पोचायला अकरा वेळा बोटाने पडदा वर सरकवावा लागला.

मालकांनी मला बोलावले ते या तक्रारीमुळे नव्हे, तर संकेतस्थळ ‘जुनाट दिसते’ म्हणून. तक्रारीचा उल्लेख बोलण्याच्या ओघात आला. “असे दरवर्षी दहाबारा जण निघतात हो, तारीखच नीट वाचत नाहीत,” असे ते म्हणाले. रंग आणि छायाचित्रे बदलण्याचे काम बाजूला ठेवून आधी हे दहाबारा जण कोण ते पाहू, असे मी सुचवले आणि त्यांनी, थोड्या नाखुशीने, ते मानले.

अडचण नेमकी कुठे होती

पहिला धागा खिडकीवरच्या ताईंच्या वहीत मिळाला. दोनशेपानी साध्या वहीत त्या तक्रारींचे फोन लिहून ठेवत, आणि त्यांत ‘एक दिवस आधी आले’ असा शेरा वारंवार होता. ‘उशिरा आले’ असा शेरा मात्र जवळजवळ नव्हता. चूक जर निव्वळ निष्काळजीपणाची असती तर ती दोन्ही बाजूंना झाली असती. ती एकाच बाजूला होते याचा अर्थ लोक काळजीपूर्वक वाचत होते आणि तिकीटच त्यांना चुकीच्या रात्री थांब्यावर आणून उभे करत होते. शिवाय या नोंदी वाशीपासून पेणपर्यंतच्या थांब्यांच्याच होत्या. बोरिवलीचा एकही प्रवासी त्यांत नव्हता.

मग सहा प्रवाशांना कार्यालयात बोलावून प्रत्येकाला एकच काम दिले: “गुरुवारी रात्री कळंबोलीहून निघून शुक्रवारी सकाळी कणकवलीला पोचायचे आहे, तिकीट काढा.” त्यांतील तिघांनी शुक्रवारची तारीख निवडली. तिघांपैकी दोघे कोकण रेल्वेने नेहमी जाणारे होते, आणि त्यांच्या निवडीमागे पक्के कारण होते. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते व पनवेलला मध्यरात्र उलटल्यावर येते, आणि रेल्वेच्या आरक्षणात पनवेलहून तिकीट काढताना पनवेलचीच तारीख निवडावी लागते. म्हणजे एकाच घरातून, एकाच गावाला, साधारण एकाच वेळी निघणाऱ्या माणसाला रेल्वेने एक नियम शिकवला होता आणि बस नेमका उलटा नियम गृहीत धरत होती, तोही न सांगता.

सहा जणांमध्ये एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी पडद्यावरील तारखांची चौकट पाहिली, चष्मा वर सरकवला, खिशातून जुन्या पावतीचा कागद काढून त्याच्या मागे पेन्सिलीने लिहिले: ‘गुरु. रात्र. १२.४० कळंबोली. शुक्र. सकाळ कणकवली.’ तारखेचा आकडा त्यांनी लिहिलाच नाही. ही चिठ्ठी समोर ठेवून ते पडद्यावर ‘गुरुवार रात्र’ शोधू लागले आणि अर्थातच ती तेथे कुठेच नव्हती. मराठी बोलण्यात रात्री दीड वाजतासुद्धा ‘गुरुवारची रात्र’च चालू असते, पंचांगातही वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नव्हे. घड्याळाच्या बारा वाजता वार उलटणे ही दप्तराची सोय आहे, आणि झोप न झालेला माणूस त्या सोयीने विचार करत नाही.

त्यात १२.४० एएम या लेखनाची भर होती. सहापैकी एका गृहिणींनी ती दुपारची वेळ समजली. बारा वाजताच्या आसपास एएम व पीएम कोणते, हे ठामपणे सांगता न येणारे बरेच सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत, त्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही.

तिसरी गोष्ट घाईची. आसन निवडताच आठ मिनिटांचे उलटे घड्याळ सुरू होई. आसन तेवढा वेळच राखलेले असल्यामुळे ते घड्याळ खरे होते. परंतु त्याच्याशेजारी ‘आत्ता २३ जण ही गाडी पाहत आहेत’ अशी तांबडी पट्टी लुकलुकत असे, आणि तो आकडा पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसताच बदलत राहणारा निघाला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा तेरा फसव्या रचना नोंदवल्या आहेत, आणि खोटी घाई निर्माण करणे ही त्यांतली एक आहे. ती पट्टी त्याच दिवशी काढायला लावली. कायद्याच्या भीतीइतकेच दुसरेही कारण होते: आमच्या सहा जणांपैकी चौघांची नजर पैसे भरण्याच्या पडद्यावर तारखेकडे न जाता त्या पट्टीकडे जात होती.

आणखी एक बाब कोणाच्याही तक्रारीत नव्हती. ती मला एका रात्री घरी बसून संकेतस्थळ चाळताना सापडली. मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांनी कळंबोलीहून ‘आजची’ गाडी शोधली, तर पडद्यावर रात्री दहाला बोरिवलीहून सुटणारी, म्हणजे पुढच्या रात्रीची गाडी दिसली. अर्ध्या तासात कळंबोलीला येणारी आणि त्या दिवशी सात आसने रिकामी असलेली गाडी संकेतस्थळाच्या दृष्टीने ‘कालची’ झाली होती, म्हणून ती दिसतच नव्हती. ऐनवेळी निघणारा प्रवासी एक तर पुढच्या रात्रीचे तिकीट काढून लगेच थांब्यावर येई किंवा तिकीट न काढता क्लीनरच्या हातात रोख पैसे देई. हे ऐकल्यावर मालकांचा या कामातला रस एकदम वाढला.

विचारात घेतलेले पर्याय

पहिल्या बैठकीत मालकांनी वेळापत्रकच बदलण्याचा विचार बोलून दाखवला. गाडी बोरिवलीहून नऊला सोडली तर कळंबोली बाराच्या आत येईल आणि प्रश्नच उरणार नाही. परंतु उपनगरातले पुष्कळ प्रवासी दुकान बंद करून किंवा कामाची पाळी संपवून येणारे असल्यामुळे दहाची वेळ ही कंपनीची कमाईच होती, शिवाय वाहतूक कोंडीत गाडी पुन्हा बाराच्या पुढे जाणारच. हा पर्याय फार वेळ टिकला नाही.

मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक प्रवाशाला आदल्या दिवशी दूरध्वनी करणे हा दुसरा पर्याय. ताई गर्दीच्या दिवसांत हे करतच होत्या. त्यांचे वाक्यही ठरलेले होते: “काका, गुरुवारी रात्री जेवून घरातून निघायचं, शुक्रवारी सकाळी गावात.” या वाक्यात एकही तारीख नाही आणि तरीही ते ऐकून कोणी चुकीच्या रात्री आलेले नव्हते. त्याच वेळी मी हे वाक्य मसुद्यात घ्यायला हवे होते. ते मी ऐकले, टिपून ठेवले आणि बाजूला सारले, कारण माणसाने करायचे काम पडद्याने करावे या हट्टात मी होतो.

रेल्वेसारखी चोवीस तासांची वेळ लिहावी, असे पुरवठादाराच्या प्रतिनिधीने सुचवले. ००.४० असे लिहिले की दुपारचा घोळ संपतो हे खरे, परंतु तारखेचा घोळ तसाच राहतो.

चौथा पर्याय प्रत्येक थांब्यापुढे त्या थांब्याची दिनदर्शिकेतली खरी तारीख छापण्याचा होता. म्हणजे गुरुवारच्या गाडीच्या तिकिटावर बोरिवलीकरांना ५ सप्टेंबर, रात्री १० आणि कळंबोलीकरांना ६ सप्टेंबर, १२.४०. हा पर्याय तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता, रेल्वेच्या पद्धतीशी जुळत होता, आणि पुरवठादार तो आठवडाभरात करून देणार होता.

पाचव्या पर्यायात तारीख दुय्यम करून ‘रात्र’ हे एकक मानायचे आणि निघण्यासोबत पोचण्याचा दिवसही तितक्याच मोठ्या अक्षरात दाखवायचा, असे होते. यासाठी शोधाचा पडदा, निकालांची यादी, तिकीट आणि संदेश अशा चार ठिकाणी बदल लागत होते आणि पुरवठादार त्यासाठी वेगळे पैसे मागत होता.

पहिली दुरुस्ती आणि ती मागे घेणे

आम्ही चौथा पर्याय निवडला. स्वस्त, लवकर होणारा आणि ‘बरोबर’ असा तो पर्याय होता, आणि तो निवडण्याचा सल्ला माझाच होता. दिवाळीची गर्दी तोंडावर असल्यामुळे प्रवाशांसमोर चाचणी न घेताच तो लागू केला.

पहिल्या आठवड्यात ‘एक दिवस आधी’चे फोन खरोखर कमी झाले, आणि मग वहीत एक नवा शेरा दिसू लागला: ‘एक दिवस उशिरा आले’. गुरुवारच्या गाडीच्या तिकिटावर आता शुक्रवारची तारीख होती. जो प्रवासी तिकीट काढून पंधरा दिवस विसरून जातो आणि निघायच्या दिवशी सकाळी ते उघडून पाहतो, त्याला शुक्रवारची तारीख आणि रात्रीचा प्रवास एवढेच दिसते. तो शुक्रवारी कामावर जातो, रात्री जेवतो आणि थांब्यावर येतो. गाडी मात्र चोवीस तासांपूर्वी निघून गेलेली असते.

येथे मला निर्णयातली खरी चूक कळली. आधी येणारा आणि उशिरा येणारा, दोघांचीही चूक चोवीस तासांचीच, म्हणून मी त्यांना समान मानले होते. आधी येणाऱ्याचे हाल होतात, पण त्याचे आसन पुढच्या रात्री शाबूत असते आणि एरवीच्या दिवसांत आदल्या गाडीतही जागा निघते. उशिरा येणाऱ्याचे पैसे आणि आसन दोन्ही गेलेले असतात, आणि त्याची रिकामी शायिका कंपनी आदल्या रात्री कणकवलीपर्यंत वाहून नेते. आम्ही सौम्य चूक घालवून तिच्या जागी कठोर चूक आणली होती. दिवाळीची सुट्टी संपण्याआधीच बदल मागे घेतला. त्या काळात उशिरा आलेल्या सर्वांना पूर्ण भाडे परत द्यावे, असा आग्रह मी धरला. मालकांनी तो मान्य केला आणि त्याच रांगेत गणपतीतल्या त्या कुटुंबाचेही भाडे परत दिले. मोटारीचा खर्च मात्र दिला नाही. तोही द्यायला हवा होता असे माझे मत आहे, कारण तिकिटावर छापलेल्या तारखेला आणि वेळेला ते थांब्यावर हजर होते.

दुसरी मांडणी

पाचव्या पर्यायावर काम सुरू करताना शिक्षकांची चिठ्ठी आणि ताईंचे वाक्य, हे दोन कागद आम्ही भिंतीवर लावले. मांडणी यथार्थ जगाशी जुळावी, प्रवाशाच्या भाषेत बोलावी, हे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांच्या १९९४च्या दहा तत्त्वांपैकी दुसरे तत्त्व मी कित्येक सादरीकरणांत लिहिले होते. ते येथे पेन्सिलीने लिहिलेले समोर होते.

शोधाच्या पडद्यावर ‘प्रवासाची तारीख’ हे शब्द जाऊन ‘कोणत्या रात्री निघायचे?’ हा प्रश्न आला. तारखांची चौकट तीच राहिली, पण ५ या आकड्यावर बोट ठेवले की खाली ‘गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी सकाळी’ ही ओळ उमटते. निकालांच्या यादीत निवडलेल्या रात्रीची गाडी वर आणि तिच्या आदल्या व पुढच्या रात्रीची गाडी खाली, तिन्ही पोचण्याच्या वारासह दिसतात. चुकीची रात्र निवडणाऱ्याला बरोबर रात्र शेजारीच दिसावी, एवढाच त्यामागचा हेतू.

तिकिटावर सर्वांत वर मोठ्या अक्षरांत ‘गुरुवार रात्र’, त्याखाली ‘रात्री १२.४०, कळंबोली’, आणि त्याखाली ‘शुक्रवार सकाळ ९.३०, कणकवली’. त्याहून लहान अक्षरांत ‘५ व ६ सप्टेंबरच्या मधली रात्र’. एएम-पीएम पूर्णपणे काढले. इंग्रजी तिकिटावरही ‘थर्सडे नाइट’ असाच मथळा ठेवला, कारण गोव्याच्या हद्दीजवळ उतरणाऱ्या अमराठी पर्यटकांचाही गोंधळ तोच होता.

पैसे भरण्याआधी ‘आपण गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी सकाळी पोचणार आहात’ असे एकच वाक्य आणि ‘बरोबर आहे’ व ‘रात्र बदला’ अशी दोन बटणे आली. यावर वाद झाला. आणखी एक पडदा म्हणजे आणखी काही ग्राहक गळणार, असे पुरवठादाराचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य होते. संकेतस्थळे अपंगांसह सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय डब्ल्यूसीएजी निकषांत, पैशांचा व्यवहार पुरा होण्याआधी माहिती तपासून दुरुस्त करण्याची किंवा नंतर व्यवहार उलटवण्याची सोय असावी, असे ३.३.४ या कलमात म्हटले आहे. त्याचा आधार मी दिला, पण मालकांना पटले ते दुसरेच कारण. हा प्रश्न मध्यरात्रीनंतरच्या थांब्यांनाच विचारायचा, बोरिवलीकरांना नाही, असे ठरले तेव्हा ते तयार झाले.

संदेशाचे काम अपेक्षेहून किचकट निघाले. व्यावसायिक एसएमएसचा मसुदा दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी नोंदणीत आधी मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे एक शब्द बदलला तरी मंजुरी नव्याने. शिवाय रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीत ७०च. मराठी संदेश लांबला की तो दोन-तीन संदेशांच्या दराने मोजला जातो. म्हणून जुना मसुदा रोमन लिपीत होता आणि त्यात पहिल्या तीस अक्षरांत कंपनीचे नाव व आभार होते. मजकूर पुन्हा पुन्हा छाटत आम्ही ‘गुरुवार रात्र १२.४० कळंबोली. शुक्रवार सकाळी कणकवली.’ येथपर्यंत आलो, आणि गाडीचा क्रमांक व चालकाचा दूरध्वनी यांसाठी दुसरा संदेश संध्याकाळी वेगळा पाठवायचे ठरले. दोन्ही संदेश मिळून जुन्यापेक्षा महाग पडतात. तो खर्च मालकांनी स्वीकारला.

मध्यरात्र ते पहाटे तीन या काळात शोध घेणाऱ्याला सर्वांत वर ‘आत्ता वाटेत असलेली गाडी’ दिसू लागली. हा बदल सर्वांत लहान होता आणि त्याचे पैसे सर्वांत आधी वसूल झाले.

निष्पत्ती

नवी मांडणी २०२५च्या शिमग्याला प्रथम गर्दीत वापरली गेली आणि खरी परीक्षा त्या वर्षीच्या गणपतीत झाली. चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती. म्हणजे सोमवार आणि मंगळवारच्या रात्री भरलेल्या. आदल्या वर्षी चुकीच्या रात्री आलेल्यांच्या नोंदींनी वहीची काही पाने भरली होती; या वेळी त्या अर्ध्या पानात मावल्या, आणि उशिरा आलेला त्यांत कोणी नव्हता. उरलेल्या नोंदी बहुतेक मोठ्या आरक्षण-स्थळांवरून तिकीट काढलेल्यांच्या होत्या. त्या तिकिटांचा मसुदा त्या स्थळांचा असतो. तेथे आजही जुन्या पद्धतीनेच तारीख छापली जाते, आणि आमचा एसएमएस हाच तेवढा दुवा उरतो.

या सुधारणेचे सगळे श्रेय पडद्यांना देता येणार नाही. त्याच काळात ताईंनी गर्दीच्या रात्रींआधी व्हॉट्सॲपवर आपले ते वाक्य पाठवायला सुरुवात केली होती, आणि गणपतीतल्या प्रसंगानंतर क्लीनरनाही आदल्या-पुढच्या दोन्ही रात्रींचे चार्ट दिले जात होते. प्रश्नोत्तराच्या नव्या पडद्यावरून किती प्रवासी मागे फिरले ते पुरवठादाराच्या नोंदींतून वेगळे काढता आले नाही. मात्र ‘रात्र बदला’ हे बटण लोक दाबतात, एवढे दिसले.

वेगळे काय करता आले असते

वही पहिल्या दिवशी मागायला हवी होती. मी संकेतस्थळाच्या भेटींचे आलेख पाहण्यात दोन आठवडे घालवले, आणि त्या आलेखांत चुकीच्या रात्री थांब्यावर आलेला माणूस यशस्वी ग्राहक म्हणूनच नोंदला गेलेला होता, कारण त्याने पैसे भरले होते.

चौथा पर्याय लागू करण्याआधी त्याच सहा जणांना छापील तिकीट देऊन आठवड्याने ‘तुम्ही थांब्यावर कधी जाल?’ एवढे विचारले असते, तरी उलटी चूक दिसली असती. आम्ही तिकीट काढण्याची क्रिया तपासली. तिकीट वाचण्याची तपासलीच नाही, आणि या दोन्हींमध्ये पंधरा दिवस ते दोन महिने जातात.

चालक आणि क्लीनर यांना पहिल्या बैठकीला बोलावले नव्हते. त्यांना हा घोळ कित्येक वर्षे ठाऊक होता आणि त्यांची स्वतःची युक्तीही होती: चार्टवर नाव नसलेला प्रवासी कळंबोलीला भेटला, की ते परस्पर दूरध्वनी करून पुढच्या रात्रीचा चार्ट वाचून घेत आणि जागा असल्यास त्याला बसवून घेत. ही अदलाबदल सॉफ्टवेअरमध्ये अधिकृतपणे करता येत नसल्यामुळे पुढच्या रात्री ते आसन रिकामे जाई. आसन एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत हलवण्याचे बटण क्लीनरच्या मोबाइलवर द्यावे, ही मागणी पुरवठादाराकडे अजून पडून आहे.

परतीच्या गाडीचाही प्रश्न सुटलेला नाही. सावंतवाडीहून संध्याकाळी सुटणारी गाडी चिपळूणला रात्री ११.५०ला येते, म्हणून आमच्या नियमाप्रमाणे तो थांबा मध्यरात्रीआधीचा ठरतो आणि तेथील प्रवाशांना तो खात्रीचा प्रश्न विचारला जात नाही. पावसाळ्यात गाडी तासभर मागे पडली, की गाडीचा ठावठिकाणा कळवणारी यंत्रणा ‘गाडी उद्या ००.५० वाजता येईल’ असा संदेश पाठवते. मागच्या श्रावणात तो संदेश वाचून एक आजी थांब्यावरून घरी जाऊन झोपल्या.